हाडाचा शेजार

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंग नावाचा एक प्रकार असतो. लांबलचक टेबलावर ओळीनं नमुने मांडलेले, प्रत्येकापुढे क्रमांकाची चिठ्ठी, आणि दर दोन मिनिटांनी घंटा. घंटा झाली की पुढच्या नमुन्याकडे सरकायचं, आपलं लिहून झालेलं असो वा नसो. सातव्या क्रमांकाला घोरपडीची कवटी होती. कवटीच्या मागच्या अंगाला वरून खाली उतरणारं एक आखूड, दांडीसारखं हाड, आणि त्याच्याकडे रोखलेला लाल कागदाचा बाण. मला नाव आठवेना. मग नाव सोडून बाकी सगळं लिहिलं. जबड्याचा सांधा पेलणारं हाड, खालचा जबडा याच्यावर टेकतो, तोंड मोठं उघडायला उपयोगी. दोन ओळींची जागा होती, मी चार ओळी खरडल्या.

शून्य मिळालं. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे त्याचं काम झालं. ते कोण?’

मी भांडायला गेले. लिहिलेलं एक अक्षर चूक नव्हतं, मग निदान अर्धा मार्क तरी? मॅडमनी उत्तर दिलंच नाही. कपाट उघडून तीच कवटी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

‘अगं, काम कशाला सांगतेस? काम आज हे असेल, उद्या दुसरं असेल. त्याच्या शेजारी कोण राहतं ते सांग.’

मी बोट फिरवत सांगत गेले. वर स्क्वेमोझल. पुढे टेरिगॉइड. खाली, जबड्याच्या टोकाला, आर्टिक्युलर. आणि मागे कानाच्या बाजूनं आलेली एक बारीक काडी, स्टेपीस. ‘मग या चौघांच्या मधे कोण राहतं?’ आणि काय आश्चर्य, परीक्षेत दोन मिनिटं डोकं खाजवून न आठवलेलं नाव तोंडातून आपसूक बाहेर पडलं. क्वाड्रेट.

‘आलं की नाही?’ मॅडमनी आता मांजराची कवटी पुढे सरकवली. ‘हेच हाड यात दाखव.’

मी कवटी उलटीपालटी केली. मांजराचा खालचा जबडा एकाच हाडाचा, आणि तो सरळ स्क्वेमोझलच्या खाचेत बसलेला. मधे कुणीच नाही. ‘नाहीये,’ मी म्हटलं.

‘आहे. सापडलं की ये.’ आणि त्या समोरच्या जर्नल्सवर सह्या करायला लागल्या.

मॅडम हाडाच्या शिक्षिका होत्या, दोन्ही अर्थांनी.

पृष्ठवंशी प्राण्यांची उत्क्रांती आणि तुलनात्मक शरीररचना हा विषय बाहेरून बघणाऱ्याला घोकंपट्टीचा डोंगर वाटतो, आणि पहिले काही महिने आतून बघणाऱ्यालाही तसाच वाटतो. लॅटिन आणि ग्रीक नावांचा नुसता पाऊस. माशाच्या कवटीत इतकी हाडं की मोजताना दमायला होतं. बेडकाच्या कवटीत कमी, सरड्याच्या कवटीत पुन्हा वेगळी. मूत्रपिंडाच्या तीन पिढ्या. हृदयाचे कप्पे. धमन्यांच्या सहा कमानी, त्यातल्या कोणत्या कोणात टिकतात आणि कोणत्या गळतात याचा तक्ता. हा तक्ता मी तीनदा पाठ केला आणि तीनदा विसरले. अभ्यासक्रम आखणाऱ्यांवर माझा राग आहे तो इथेच. एकेक संस्था सुटी काढून सगळ्या प्राण्यांतून फिरवायची, मग दुसरी संस्था. त्यामुळे हाडं एका सत्रात आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या नसा दुसऱ्या सत्रात. शेजाऱ्यांची ताटातूट केल्यावर गोष्ट कशी कळणार?

मॅडमचा शेजाराचा नियम त्यांच्या पदरचा नव्हता, हे पुढे वाचताना कळलं. तो एतिएन जोफ्रवा सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचा. १८१८ साली त्यानं तो ठामपणे मांडला. अवयव वाढेल, आक्रसेल, अगदी नाहीसा होईल, पण आपली जागा सोडून दुसरीकडे राहायला जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून अवयव ओळखायचा तो आकारावरून नाही, कामावरून तर नाहीच. त्याचे लागेबांधे कुणाशी आहेत त्यावरून. याच्या उलट टोकाला त्याचाच जुना मित्र जॉर्ज क्युव्हिए. प्राण्याचं शरीर म्हणजे एकमेकांत चपखल बसलेल्या कामांचा संच. दात मांसाहारी असतील तर पंजा, आतडं, जबड्याचा सांधा हे सगळं त्याला साजेसंच असणार, हा त्याचा आग्रह. क्युव्हिए परीक्षक असता तर सातव्या नंबरला मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

दोघांचं भांडण १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत उघड्यावर आलं. निमित्त म्हणजे एक निबंध. पाठीचा कणा असलेला प्राणी मागे वाकवून मान आणि ढुंगण जुळवलं तर त्याचे अवयव कटलफिश या बिनकण्याच्या समुद्री प्राण्यासारखे लागतात, असा त्यातला दावा. जोफ्रवाला तो आवडला, क्युव्हिएनं आकृत्या मांडून त्याच्या चिंध्या केल्या. त्या सभागृहात क्युव्हिए जिंकला, आणि कटलफिशपुरता तो बरोबरही होता. त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली. ती बातमी घेऊन एक गृहस्थ वायमारला ऐंशी वर्षांच्या जर्मन कवी ग्योथेकडे गेले, तर म्हातारा आधीच उत्तेजित होऊन ज्वालामुखी फुटल्याच्या गोष्टी करत होता. पाहुण्याला वाटलं, राजा पळाल्याबद्दल बोलतायत. ग्योथे बोलत होता अकादमीतल्या भांडणाबद्दल. हा किस्सा मी वर्गात सांगितला तेव्हा कुणी हसलं नाही. मला मात्र अजून हसू येतं.

यांच्याही कितीतरी आधी, १५५५ साली, पिएर बेलों या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकानं माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापून एकेका हाडाला तीच ती अक्षरं दिली होती. का सारखी, ते त्याला सांगायचं नव्हतं. नुसतं दाखवायचं होतं. इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं १८४३ मध्ये दोन प्रकारच्या सारखेपणाची फारकत केली. एकाच कामाचे अवयव वेगळे आणि एकच असलेले, म्हणजे समजात, अवयव वेगळे. फुलपाखराचा पंख आणि वटवाघळाचा पंख हे एकाच कामाचे. वटवाघळाचा पंख, चिचुंद्रीचा पंजा आणि डॉल्फिनचं वल्हं हे मात्र समजात. १८५९ मध्ये डार्विननं ‘का’चं उत्तर दिलं. पूर्वज एक, म्हणून शेजार एक. एवढं एक वाक्य हातात घेऊन अस्तबलात गेलात तरी पुरे. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. त्याच्या खाली तो एका बोटावर उभा आहे, मधल्या. आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. शेजारची दोन बोटं सुईसारखी बारीक होऊन अजून तिथेच चिकटलेली आहेत. आक्रसली, पण घर सोडलं नाही.

पण हे सगळं वाचून समजलेलं. हाताला समजलं ते मुशीमुळे.

मुशी म्हणजे लहान शार्क. तिची कवटी हाडाची नसते, कूर्चेची असते. म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या कडेत असतो तो लवचिक, पांढुरका पदार्थ. म्हणूनच मेंदूतून निघणाऱ्या नसा शिकायला मुशी उत्तम. स्कालपेल आडवं धरून कूर्चेचे कपचे काढत जायचं, कागदासारखे पातळ, अर्धपारदर्शक. त्यात कुठेतरी एक पांढरा दोरा दिसतो. मुशीच्या कवटीत पांढरं बरंच काही असतं आणि कापू नये अशा गोष्टीही पांढऱ्याच असतात. फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी वाहत असतं, हातमोज्याच्या आत बोटं घामेजलेली, आणि आपण श्वास रोखून एकेक कपचा काढतोय. पहिल्या दिवशी मी डाव्या बाजूची सातवी नस सफाईदारपणे तोडली. प्रयोगशाळेतले मामा मागे उभे होते. वीस वर्षं विद्यार्थ्यांच्या मुश्या बघितलेला माणूस. म्हणाले, ‘ताई, खवायचं नाही, खरवडायचं.’ आणि मुशी उलट्या बाजूला वळवून दिली. उजवी बाजू शिल्लक होती.

उजवीकडे चार दिवस गेले. आणि मग ते एकदम समोर आलं. पाचवी नस जबड्यांना. सातवी, डोळ्यामागच्या लहानशा भोकाच्या अवतीभवती. नववी, कल्ल्याच्या पहिल्या फटीला. दहावी, म्हणजे व्हेगस, जाडजूड, मागे जात जात उरलेल्या चार फटींना एकेक फांदी देणारी. प्रत्येक फांदी आपापल्या फटीच्या दोन्ही कडांना शाखा देते, तितक्याच शिस्तीनं. जुन्या गल्लीत एकेका दाराला एकेक जोडणी दिलेली असावी तशी. मी ट्रेमधल्या टाचण्यांना रंगीत दोरे बांधले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. तोपर्यंत कपालीय नसांची यादी माझ्यासाठी एक ते बारा अशी पाठ करायची कविता होती. आता तो रस्ता होता, आणि त्यावर घरं होती.

माणसाला कल्ले नसतात, पण भ्रूण चार आठवड्यांचा असताना गळ्याच्या जागी कमानींचे उंचवटे येतात. हे कल्ले नव्हेत आणि माणूस आईच्या पोटात मासा होऊन येतो असंही नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलनं ती कल्पना इतकी ताणली की १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून एकच ठसा तीनदा छापला. त्यावरून त्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते योग्यच होतं. त्याच्यापेक्षा मला फॉन बेअर जवळचा वाटतो. १८२८ साली त्यानं लिहून ठेवलंय की दोन लहान भ्रूण स्पिरिटमध्ये ठेवताना चिठ्ठी लावायची राहिली आणि आता ते पालीचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, हे आपल्याला सांगता येत नाही. भ्रूणशास्त्राचा बाप चिठ्ठी लावायला विसरतो आणि ते छापून कबूल करतो, याचा मला परीक्षेच्या दिवसांत फार आधार होता.

तर, कमानी. प्रत्येक कमानीला आपली नस, आपली धमनी, आपली कूर्चा. माशात या शेजाऱ्यांचं सुखानं चालतं. व्हेगसची शेवटची फांदी सहाव्या धमनीकमानीच्या मागून सरळ आपल्या जागी जाते. पुढे जमिनीवर आलेल्या प्राण्यांना मान आली. हृदय मागे सरकत छातीत गेलं आणि आपल्या धमन्या सोबत घेऊन गेलं. त्या शेवटच्या कमानीच्या स्नायूंचं आणि कूर्चेचं झालं स्वरयंत्र, ते मात्र गळ्यातच राहिलं. नस बिचारी धमनीच्या मागच्या बाजूला अडकलेली. तिला घर सोडता येत नाही आणि शेजारीण तर गावाला निघाली. तेव्हा ती धमनीबरोबर छातीत उतरते, डावीकडे महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर गळ्यात येते. आपल्याकडे म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेंदूपासून स्वरयंत्र काही बोटांवर, आणि ही नस छातीला वळसा घालून येते. जिराफात हा रस्ता साडेचार मीटरच्या आसपास जातो.

मला यातला सर्वांत आवडता भाग जिराफ नाही, तो सगळेच सांगतात. उजव्या बाजूची नस महाधमनीला नव्हे तर हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते. काही मोजक्या माणसांत ती उजवी धमनी जन्मतःच भलत्या ठिकाणाहून निघते, नेहमीची कमान तिथे तयारच झालेली नसते. अशा माणसांत उजवी नस वळसा घालत नाही. वरून सरळ स्वरयंत्रात जाते. अडवणारी शेजारीण नाही, तर अडकणार कशाला? थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे ठाऊक असावं लागतं, नाहीतर नेहमीच्या जागी न सापडणारी नस भलतीकडेच कापली जायची.

या सगळ्यात मांजराचं क्वाड्रेट राहूनच गेलं होतं. मी अधूनमधून त्या कवटीकडे बघायचे. गालाच्या कमानीत असेल, टाळूत मिसळलं असेल, असे तर्क लढवायचे. विचारायची सोय नव्हती. ‘सापडलं का?’ एवढंच मॅडम जाता-येता म्हणायच्या.

दुसऱ्या सत्रात भ्रूणांचे पारदर्शक केलेले नमुने आले. या तंत्रात मांस काचेसारखं आरपार होतं, कूर्चा निळी रंगते आणि हाड लाल. ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत उंदराचं भ्रूण, नखाएवढ्या डोक्याचं, जणू कुणी शाईनं काढलंय. माझं काम बरगड्या मोजायचं होतं. बरगड्या मोजून झाल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखाली डोकं सरकवलं, उगीच. खालच्या जबड्याच्या आतून एक निळी कांडी जात होती. तिच्या बाहेरून जबड्याचं लाल हाड धरायला लागलेलं. ती कांडी मागे, मागे गेली, जबडा संपला तरी संपली नाही, आणि कानाच्या जागी शिरून टोकाला फुगली. त्या फुगलेल्या टोकाला एक इवलीशी मूठ होती. हातोडी. शाळेत शिकलेली, कानातली हातोडी. ती जबड्याच्या कूर्चेला जोडलेली होती, तोडता न येणारी एकच निळी वस्तू.

मग मी तेच केलं जे शिकवलं होतं. काम सोडलं, शेजार बघितला. हातोडीला खेटून ऐरण. ऐरणीला खेटून रिकीब. हातोडी, ऐरण, रिकीब. घोरपडीत काय होतं? जबड्याच्या टोकाला आर्टिक्युलर, त्याला खेटून क्वाड्रेट, त्याच्यामागे स्टेपीस. आणि रिकीबीचं लॅटिन नाव काय? स्टेपीस.

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू ठेवून पळाले. मॅडम जिना उतरत होत्या. ‘ऐरण,’ मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘सहा महिने लागले,’ म्हणाल्या, पण हसून.

हे कोडं आधी सुटलं होतं ते १८३७ साली. कार्ल राइशर्टनं डुकराच्या भ्रूणांत हेच पाहिलं, आणि मग एर्न्स्ट गाउपनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर तपशिलाचा पक्का गिलावा केला. गंमत अशी की शेजाराचा नियम सांगणाऱ्या जोफ्रवानं स्वतः कानातल्या हाडांबाबत साफ चूक केली होती. त्यानं ती माशाच्या कल्ल्यावरच्या झाकणाच्या हाडांशी जुळवली होती. नियम बरोबर, पण शेजारी नीट मोजले नाहीत. पुढे जीवाश्मांनी साक्ष दिली. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत खालच्या जबड्याचं दाताचं हाड मोठं होत जातं, मागची हाडं बारीक होत जातात. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, चिचुंद्रीएवढा मॉर्गन्युकोडॉन घ्या. त्याच्या जबड्याला दोन सांधे होते, एकमेकांच्या बाजूला. जुना, क्वाड्रेट आणि आर्टिक्युलरचा. आणि नवा, आपला. जुनं हाड काम सोडायच्या आधी नवं कामावर रुजू झालेलं होतं. सांध्याशिवाय एक दिवसही उपाशी राहायची पाळी कुणावर आली नाही. ऑपॉसम या पिशवीवाल्या प्राण्याच्या पिलात आजही हा हिशोब उघडा दिसतो. ते इतकं अपुरं जन्मतं की कानाची हाडं तेव्हा जबड्यालाच चिकटलेली असतात, आणि पिशवीत दूध पीत असताना हळूहळू सुटी होतात.

आणि ज्याला हे सगळं पटत नसेल त्याच्यासाठी एक नस आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी ही बारीक नस जिभेकडून निघून सरळ आत जात नाही. ती कानात शिरते, पडद्यामागे, आणि हातोडी व ऐरण यांच्या मधून आरपार निघून जाते. चवीच्या नसेला कानात काय काम? काहीच नाही. ती जबड्याच्या सांध्याशेजारून जायची. सांध्याची हाडं कानात गेली, तिनं शेजार सोडला नाही. मधल्या कानाची शस्त्रक्रिया झालेल्या काही लोकांना नंतर तोंडात धातूची चव येत राहते, ती या नसेला धक्का लागल्यामुळे. डॉक्टरांनी आधी सांगितलं नसेल तर पेशंट घाबरतो. साहजिकच आहे, कान दाखवायला गेलेल्या माणसाची जीभ बिघडलेली.

नियम हाती लागला की तो सगळीकडे लावत सुटायचं वय असतं. मीही सुटले, आणि कासवावर येऊन आपटले. आपल्या सगळ्यांत खांद्याचं फऱ्याचं हाड बरगड्यांच्या बाहेर असतं. कासवात ते बरगड्यांच्या आत आहे, कारण बरगड्याच पसरून पाठीचं कवच झाल्या आहेत. म्हणजे कुणीतरी जागा सोडून आत राहायला गेलं की! मी विजयी मुद्रेनं मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘फरा आत गेला हे कुणी सांगितलं तुला? बरगड्या बाहेर आल्या असतील.’ मला ती तेव्हा नुसती पळवाट वाटली. पुढे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी कासवाचं भ्रूण टप्प्याटप्प्यानं तपासून दाखवलं की फरा जवळपास आपल्या जुन्या जागी, जुन्या स्नायूंच्या संगतीतच राहतो; बरगड्या खाली छातीकडे वळण्याऐवजी कडेला पसरतात आणि शरीराची भिंत आत दुमडते. त्याच्या आदल्याच वर्षी चीनमधून २२ कोटी वर्षांपूर्वीचं ओडोन्टोकेलिस नावाचं कासव जगासमोर आलं होतं. पोटाकडचं कवच पूर्ण, पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या. अर्धवट बांधकाम, जसंच्या तसं.

पक्ष्याच्या पंखातल्या तीन बोटांनी मात्र शेजाराच्या नियमालाच कोड्यात टाकलं. भ्रूणात ती उगवतात त्या जागेवरून बघितलं तर दुसरं, तिसरं, चौथं. डायनोसॉरच्या जीवाश्मांच्या रांगेत बघितलं तर पहिलं, दुसरं, तिसरं. दोन्ही पुरावे पक्के. १९९९ मध्ये वॅग्नर आणि गोथिए यांनी तोडगा सुचवला की जागा त्याच राहिल्या, पण बोटाचं बोटपण एक घर सरकलं. दुसऱ्याच्या जागेवर पहिलं वाढलं. यावर पुढेही वाद झडत राहिले. मला हा वाद आवडतो. इतकी वर्षं आपण पत्त्यावरून माणूस ओळखत होतो, आणि इथे पत्ता तोच राहून भाडेकरू बदलल्याचा संशय.

परीक्षा झाल्या, पास झाले, पुढे नोकरी वेगळ्याच कामाची मिळाली. मुशीचं काही काम पडेल असं वाटलं नव्हतं.

आत्याचा आवाज बसला तेव्हा आधी कुणी मनावर घेतलं नाही. आत्या बोलायची भरपूर. तीन आठवडे झाले, आवाज फाटकाच. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं, डावी स्वरतंतू हलत नाहीये. आणि छातीचं स्कॅन लिहून दिलं. घरात गोंधळ. घसा बिघडलाय तर छाती कशाला? उगीच तपासण्या लावतात, असं काका म्हणाले. आत्या काहीच बोलली नाही, जे तिच्या बाबतीत काळजीचं होतं.

मी फाइलच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं मुशी काढली. चित्रकला माझी तेव्हाही वाईट होती. कल्ल्याच्या पाच फटी, दहावी नस, तिच्या फांद्या. मग बाजूला माणूस, लांब मान, खाली गेलेलं हृदय, आणि महाधमनीखालून वळून वर येणारी रेघ. ‘ही रेघ इथे छातीत कुठे दाबली गेली तरी आवाज इथे गळ्यात जातो. म्हणून डॉक्टर छाती बघतायत. बरोबर बघतायत.’

आत्यानं कागद हातात घेतला. बोटानं रेघेवरून गेली, खाली, वळशापर्यंत, पुन्हा वर. ‘एवढं लांब कशाला पण?’ ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

‘आधी जवळच होतं.’

स्कॅनमध्ये वळशापाशीच एक सुजलेली गाठ निघाली. नस तिथे दबली होती. औषधं बरेच महिने चालली, गाठ आक्रसली, आवाज परत आला तो अर्धामुर्धा. वरच्या पट्टीत अजून फाटतो. त्या कागदाचं काय झालं मला माहीत नाही, पण फोन लावला आणि तब्येत विचारली की आत्या आधी खाकरते, आणि म्हणते, ‘मुशी आज जरा रुसलीये.’